भांडीबाजारातली साइट आणि ‘मारुती’ नावाचा फोन : प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

एसईओचा, म्हणजे साइट गुगलच्या शोधात वर आणण्याचा, ऑनलाइन कोर्स डिसेंबरमध्ये संपला. सर्टिफिकेट आलं, ते आईने दोघा-तिघांना फॉरवर्डही केलं. हात मात्र कोरडेच. म्हणून मामांना म्हटलं, तुमच्या दुकानाची साइट माझ्या ताब्यात द्या, तीन महिन्यांत काय होतं ते बघू. मामांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान नाशिकच्या भांडीबाजारात, आजोबांपासूनचं. साइट चार वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकांनी करून दिली होती. त्यांचा फोन आता लागत नाही, पासवर्ड तेवढे एका वहीच्या मागच्या पानावर मिळाले.

आजची मोजणी, कशालाही हात न लावता: होमपेजचं वजन २३.४ एमबी, १८७ रिक्वेस्ट (पान उघडताना सर्व्हरकडे जाणाऱ्या मागण्या), ३१ प्लगइन (साइटला जोडलेले छोटे प्रोग्राम). पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग मोजणाऱ्या साधनावर मोबाइलचा स्कोअर १०० पैकी ९.

मामांना दाखवलं. म्हणाले, “अगं, पण माझ्या इथे तर लगेच उघडते!” उघडणारच. दुकानातलं वायफाय, आणि रोज तीच साइट उघडणारा तोच लॅपटॉप. सगळे फोटो त्याच्या पोटात आधीच जाऊन बसलेत.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज फक्त अभ्यास. कोर्समध्ये शिकवलेला एक आकडा चक्क शिळा निघाला. प्रतिसादाचा वेग मोजायला ते एफआयडी शिकवत होते. गुगलने १२ मार्च २०२४ रोजी त्याच्या जागी आयएनपी आणलं. एफआयडी फक्त पहिल्या स्पर्शाला पान किती वेळ ताटकळतं एवढंच बघायचं. आयएनपी पानावरचे सगळे स्पर्श बघतं आणि स्पर्शापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा पूर्ण वेळ धरतं.

वहीत लिहिलेले तीन आकडे: सर्वांत मोठा ऐवज, म्हणजे बहुतेक वेळा मुख्य फोटो, अडीच सेकंदांच्या आत दिसावा (एलसीपी). स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत उत्तर मिळावं (आयएनपी). पान वाचताना मजकूर हलू नये, हलण्याचा गुणांक ०.१ च्या आत (सीएलएस). आणि हे सरासरीने चालत नाही. १०० भेटींपैकी ७५ भेटींत जमलं पाहिजे.

खरी गोम पुढे. हे आकडे गुगल क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांकडून गोळा करतं, मागच्या २८ दिवसांचे. त्यासाठी पुरेसे लोक साइटवर यायला हवेत. सर्च कन्सोल, म्हणजे साइट शोधात कशी दिसते हे मालकाला सांगणारं गुगलचं साधन, आमच्याबाबत म्हणतं, पुरेसा डेटा नाही. म्हणजे तो ९ चा स्कोअर प्रयोगशाळेतला. एक काल्पनिक मध्यम फोन, चौपट मंद केलेला प्रोसेसर, १.६ एमबीपीएसचं नेट. त्या नेटने सेकंदाला २०० केबी येतात, म्हणजे आमचं होमपेज पूर्ण यायला जवळपास दोन मिनिटं. तेवढ्या वेळात माणूस सराफ बाजारातून जाऊन परत येईल.

पूर किती आला हे नाशिककर क्युसेकमध्ये विचारत नाहीत. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं का, छातीला लागलं का, असं विचारतात. मारुती हलत नाही म्हणून माप खरं. आम्हालाही असा एक मारुती हवा.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मारुती सापडला. दुकानात पॅकिंग बघणाऱ्या काकांचा फोन. ३ जीबी रॅम, काच तडकलेली, स्टोरेज कायम भरलेलं. काका म्हणाले, “ताई, हा फोन कशाला, साहेबांचा घ्या की.” म्हटलं, हाच पाहिजे.

दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे नेटवर्कची एखादी काडी येते-जाते, तिथे उभं राहून स्टॉपवॉच लावलं. पाच वेळा मोजून मधला आकडा घ्यायचा, हा नियम आजपासून. पहिला फोटो दिसायला १९ सेकंद. ‘व्हॉट्सॲपवर विचारा’ हे बटण दाबलं तोच वरून एक जाहिरातपट्टी उतरली, बटण खाली सरकलं आणि बोट भलत्याच फोटोवर पडलं. काका खजील झाले, जणू चूक त्यांचीच. मागे जाऊन परत आले तर पान पुन्हा पहिल्यापासून लोड व्हायला लागलं.

आणखी एक गंमत टिपून ठेवते. काही पानांवर सुरुवातीचे चार-पाच सेकंद इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो, मग मराठी येतं. फॉन्ट उशिरा येतोय. यादीत शेवटी टाकलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

पान पुन्हा लोड का होतं त्याचा छडा. फोटो सहा हजार गुणिले चार हजार पिक्सेलचे, कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले. मी फाइलच्या वजनाकडेच बघत होते. पण ती पडद्यावर उलगडताना प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. दोन कोटी चाळीस लाख पिक्सेल, म्हणजे एक फोटो पूर्ण उलगडला तर ९६ एमबी. असे होमपेजवर चौदा. ३ जीबीच्या फोनने दुसरं काही न करता फक्त आमचे हंडे-कळश्या सांभाळायच्या म्हटलं तरी त्याला धाप लागणार. मेमरी अपुरी पडली की तो पान टाकून देतो.

आणि हे फोटो दिसतात किती? ३८० रुंदीच्या चौकटीत. फोनचा पडदा दाट असतो म्हणून दुप्पट धरलं तरी ७६०. परातभर कणीक मळून एक पुरी लाटायची.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कंपनीतून आल्यावर रात्री अकरापर्यंत २१२ फोटो ८०० रुंदीचे केले, वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये, क्वालिटी ७०. एकेक फोटो ४० केबीच्या आसपास. होमपेज २३.४ वरून ३.१ एमबी. स्कोअर ९ वरून ३८. अंगात वारं शिरलं. मामांना लिंक पाठवली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मामांचा सकाळी साडेसातला फोन. “हे काय केलंस? तांबं आजारी दिसतंय.”

आधी राग आला. मग संध्याकाळी दुकानात जाऊन खरं घंगाळ उजेडात ठेवलं आणि शेजारी फोन धरला. बरोबर बोलत होते. रंग मेलेला. शिवाय मठारकामाचे ठोके, ज्यांच्यासाठी गिऱ्हाईक जास्तीचे पैसे मोजतं, ते विरघळल्यासारखे. मामा म्हणाले, “एकेक ठोका मारायला कारागिराचा हात भरून येतो. तू एका रात्रीत सगळे पुसलेस.”

रविवार, १६ फेब्रुवारी

दोन वेगळे आजार निघाले.

पहिला रंगाचा. फोटो काढणाऱ्याने ते ॲडोबी आरजीबी या मोठ्या रंगपट्ट्यात दिले होते. मी वजन वाचवायला फाइलमधली जादा माहिती काढून टाकली, त्यात कलर प्रोफाइलही गेलं. मग ब्राउझरने आकडे साध्या एसआरजीबीचे समजून वाचले आणि लाल-केशरी छटा फिक्या पडल्या. उपाय सोपा: आधी एसआरजीबीत रूपांतर, मग बाकीची छाटणी.

दुसरा ठोक्यांचा. नेहमीच्या लॉसी (वजनासाठी थोडा तपशील गाळणाऱ्या) वेबपीत उजेड-अंधार पूर्ण बारकाईने साठतो, पण रंग निम्म्या रुंदी-उंचीवरच. गडद लाल-केशरीच्या कडा त्यात पसरतात. तांब्याला ते नेमकं बाधतं. पितळेच्या समया बऱ्या दिसत होत्या, बोंब तांब्याचीच होती. वर क्वालिटी ७० म्हणजे बारीक चमक गुळगुळीत झालीच. एव्हिफ या दुसऱ्या फोटो-फॉरमॅटमध्ये रंग पूर्ण ठेवायची सोय आहे. म्हणून एका भांड्याच्या स्वतंत्र पानावरचा मोठा फोटो एव्हिफमध्ये, पूर्ण रंगासह, आणि जुन्या ब्राउझरसाठी त्याच्या मागे जेपीईजी. यादीतले छोटे फोटो वेबपीतच, पण ८२ वर.

८२ हा आकडा मी ठरवला नाही. ७०, ७५, ८२, ९० असे चार फोटो न सांगता मांडले, मामांनी ८२ आणि ९० मध्ये फरक ओळखला नाही, ७५ ला मात्र लगेच नाक मुरडलं. होमपेज आता ३.९ एमबी. वाढलेला ०.८ एमबी मला मान्य आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आजचा दिवस माझ्या मूर्खपणाच्या खात्यात. ‘लेझी लोडिंग’ म्हणजे फोटो नजरेच्या टप्प्यात आल्यावरच मागवणं. चांगली गोष्ट, म्हणून सगळ्यांना लावली. सगळ्यांना, म्हणजे अगदी वरच्या मुख्य फोटोलाही. एलसीपी ५.२ सेकंदांवरून ६.८. ब्राउझरला जो फोटो सर्वांत आधी हवा, त्यालाच मी ‘थांब जरा’ म्हणून सांगून ठेवलं होतं.

मुख्य फोटोवरचं लेझी काढलं, उलट त्याला अग्रक्रमाची खूण लावली. शिवाय पाच फोटोंचा फिरता स्लायडर काढून एकच फोटो ठेवला, पायऱ्यांवर मांडलेल्या समयांचा. एलसीपी ३.९. स्लायडर गेल्याचं मामांना दोन दिवसांनी कळलं, तेही मी सांगितल्यावर.

प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहिली, जाहिरातपट्टीला आधीपासून जागा राखून ठेवली. सीएलएस ०.४१ वरून ०.०६. कामाला अर्धा तास लागला. काकांचं बोट आता बटणावरच पडतं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. त्र्यंबकच्या रस्त्याला पहाटेपासून रांग. अभिषेकपात्रं, पळी-पंचपात्र यांची विचारणा आठवडाभर चालू होती. सणाच्या आठवड्यात साइटला हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं आणि पाळलं. फक्त बघितलं. दहातले नऊ लोक मोबाइलवरून, आणि बरेचसे व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून थेट एका भांड्याच्या पानावर. होमपेजवर येतच नाहीत. मी तीन आठवडे होमपेज घासत बसले होते.

शनिवार, १ मार्च

आता सर्व्हर. होस्टिंग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं. का, तर तेव्हा ऑफर होती. इथून पिंग, म्हणजे निरोप तिथे जाऊन परत यायचा वेळ, २३० मिलिसेकंद. यात होस्टिंगवाल्यांचा दोष फारसा नाही. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद नुसत्या प्रवासाचे. आणि समुद्रातल्या केबली सरळ रेषेत जात नाहीत.

वाईट भाग पुढचा. व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता टाइप केला की साइट आधी असुरक्षित पत्त्यावर जायची, तिथून सुरक्षित पत्त्यावर, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्या पत्त्यावर. कागदावर मांडलं: पहिल्या मुक्कामाला जोडणी आणि विनंती मिळून २ फेऱ्या. दुसऱ्याला जोडणी, सुरक्षित जोडणीच्या जुन्या पद्धतीच्या, टीएलएस १.२ च्या, ओळखपाळखीच्या २ आणि विनंती मिळून ४. तिसऱ्याला पुन्हा ४. एकूण १० फेऱ्या गुणिले २३०, म्हणजे २.३ सेकंद. अजून एक अक्षर आलेलं नाही. फोटो कितीही हलके केले तरी हे उरणारच.

मुंबईतल्या सर्व्हरवर जागा घेतली. पिंग १८. कसारा घाट उतरला की आलंच. नव्या ठिकाणी टीएलएस १.३ आहे, त्याला ओळखपाळखीची एकच फेरी लागते. मधला मुक्काम काढला, आता कुठूनही या, एकाच उडीत शेवटच्या पत्त्यावर. पहिला बाइट यायला आधी १.४ सेकंद लागायचे (थेट पत्त्यावर), आता पानांची तयार प्रत कॅशमधून देतोय म्हणून ०.२.

जुन्या सर्व्हरवर मजकुराचं कॉम्प्रेशनही बंद होतं. ते चालू केल्यावर पानाची मूळ मजकूर-फाइल (एचटीएमएल) २१० केबीवरून ३१ केबी. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत ३ बाइट खातं. पण त्यातला पहिला बाइट सगळ्यांचा तोच आणि दुसरा दोहोंपैकी एक. एवढी पुनरावृत्ती दाबायला सोपी.

मंगळवार, ४ मार्च

मामांचा ईमेल शनिवारपासून बंद. नेमसर्व्हर (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारा) बदलताना मेलच्या नोंदी नव्या जागी उतरवायच्या राहिल्या. वेबसाइट आली, टपाल वाटेतच राहिलं. एका हॉटेलवाल्याची चाळीस पाणी-जगची चौकशी त्यात अडकली होती, त्याने शेवटी फोन केला म्हणून कळलं. मामा रागावले नाहीत. “दुकान हलवताना पाटी हलवलीस आणि टपालपेटी जुन्या भिंतीवर ठेवलीस,” एवढंच म्हणाले. हे ओरड्यापेक्षा जास्त लागलं.

पुढच्या वेळेसाठी: डीएनएसच्या, म्हणजे नेमसर्व्हरवरच्या, सगळ्या नोंदींचा आधी स्क्रीनशॉट. सगळ्या.

रविवार, ९ मार्च

प्लगइनची साफसफाई. ३१ वरून ११. सापडलेला ऐवज: तीन वेगवेगळे भेटी मोजणारे, त्यातले दोन कोणाच्या खात्यात मोजत होते देव जाणे. दिवाळी २०२१ ची फटाके उडवणारी स्क्रिप्ट, दिवाळी संपल्यावरही प्रत्येक पानावर लोड होणारी. एक चॅटची खिडकी, जिला साडेतीन वर्षांत कोणी उत्तर दिलेलं नाही. यादीत ‘फक्त तांबे’ निवडायला मारुतीवर ६४० मिलिसेकंद लागायचे, चॅट काढल्यावर १७०.

यूट्यूबचा एक व्हिडिओ होता. कोणी बघो न बघो, त्याचा प्लेअर अर्धा एमबीच्या वर सामान उतरवून घेतो. त्याजागी एक साधं चित्र आणि त्यावर त्रिकोण. दाबलं तरच खरा व्हिडिओ येतो.

बुधवार, १९ मार्च

रंगपंचमी. काम नाही. पेशवेकाळापासूनच्या रहाडींवर (रंगाच्या पाण्याच्या हौदांवर) गर्दी, जुन्या नाशकात गाडी घालायची सोय नाही. मी उडी मारली नाही, लांबून बघत होते, तरी डोक्यापासून पायापर्यंत पिवळी. लॅपटॉप उद्या.

शनिवार, २२ मार्च

फॉन्ट. साइटवर एका मराठी फॉन्टची पाच वजनं, एकूण १.१ एमबी. दोनच ठेवली: साधं आणि ठळक. मग हाव सुटली. फॉन्टमधून न लागणारी अक्षरं छाटायची म्हणून साइटवरचा सगळा मजकूर गोळा केला, त्यात आलेलीच अक्षरं ठेवली, आणि छाटणीच्या आदेशात ‘लेआउट फीचर’ही काढून टाकली. फाइल ३८ केबी! आनंदाने पान उघडलं तर ‘प्रकार’चं ‘प् रकार’, ‘कल्हई’चं ‘कल् हई’. जोडाक्षरं म्हणजे फॉन्टमधल्या वेगळ्या आकृत्या आणि त्या कधी वापरायच्या याचे नियम. मी नियमच कापून टाकले होते. इंग्रजीसाठी लिहिलेला सल्ला मराठीला जसाच्या तसा लावला की हे होतं.

नियम परत घातले. तरी संध्याकाळी आईला ‘दुसऱ्या’ वेगळं दिसलं. मजकूर गोळा केला त्या वेळी नुक्त्याचा ‘ऱ’ कुठेच आलेला नव्हता, म्हणून फॉन्टमधून गेला. नंतर मी लिहिलेल्या एका ओळीत ‘दुसऱ्या’ आलं आणि ते अक्षर फोनने स्वतःच्या फॉन्टमधून उसनं आणलं. ₹ चंही तेच. ते देवनागरीच्या गटात बसत नाही, वेगळं मागावं लागतं. भांड्याच्या किमतीवरचं चिन्ह परक्या वळणाचं दिसत होतं.

शेवटी पूर्ण देवनागरी गट, ₹ आणि जोडणारी-तोडणारी दोन अदृश्य चिन्हं, सगळं ठेवलं. दोन फाइली मिळून १४० केबी. चालेल. फॉन्ट येईपर्यंत फोनचा स्वतःचा फॉन्ट दिसेल अशी सोय केली आणि दोन्हींची उंची जुळवून घेतली, नाहीतर वेलांट्या-उकारांमुळे ओळी वर-खाली उडी मारतात.

मारुतीवर तपासलं. मराठी लगेच दिसतं. फक्त १४ पानांवर तो इंग्रजी चिवडा अजून आहे.

रविवार, २३ मार्च

चिवड्याचं कारण कळलं आणि डोक्याला हात लावला.

पानावरचं एक वाक्य निवडून नोटपॅडमध्ये चिकटवलं. नुसती रोमन अक्षरं, स्वल्पविराम, कंस, टक्क्याची चिन्हं. ती पानं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नाहीतच. छापखान्याच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवलेला, आणि सोबत तो फॉन्ट चढवलेला. फॉन्ट आला की डोळ्यांना मराठी दिसतं. आतून कचरा. गुगल फॉन्टकडे बघत नाही, ते आतली अक्षरं वाचतं. आमच्या साइटपुरता शोध घेतला तर ही १४ पानं निकालात आहेत, आणि खाली वर्णनाच्या जागी तोच चिवडा.

चार वर्षं ही पानं कोणालाही सापडू शकत नव्हती. वेग अर्धा सेकंद केला असता तरी नसती सापडली. आणि मारुतीने हे पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. मी ‘फॉन्ट उशिरा येतोय’ म्हणून यादीत शेवटी टाकलं.

मजकूर काय आहे तेही आज नीट वाचलं. आजोबांनी दुकानाच्या पत्रकांसाठी लिहिलेला. बंब पहिल्यांदा पेटवण्याआधी पाणी का भरून ठेवायचं. कल्हई उडाली हे कसं ओळखायचं, आणि पितळेच्या पातेल्यात कल्हईशिवाय आंबट का ठेवायचं नाही. चिंच-मिठाने घासल्यावर भांडं लगेच कोरडं का करायचं. कोर्समध्ये ज्याला ‘दर्जेदार कंटेंट’ म्हणत होते आणि जो मी चॅटबॉटकडून लिहून घेणार होते, तो इथे कुलूप लावून ठेवलेला होता.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढीवर मामांकडचा नवा तांब्या.

आठवडाभर रूपांतर. ऑनलाइन कन्व्हर्टरने ८० टक्के काम केलं, उरलेल्या २० टक्क्यांत अब्रू गेली असती. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, रफाराचं उलट. त्यामुळे ‘गिऱ्हाईक’चं जे झालं ते लिहवत नाही. आईने चष्मा लावून सगळी १४ पानं मोठ्याने वाचली, मी दुरुस्त करत गेले. मध्येच थांबून म्हणाली, “हे वाक्य बाबा असंच बोलायचे.” मग दोघी थोडा वेळ काही वाचलं नाही.

शनिवार, ५ एप्रिल

पत्त्यांचा विषय. मराठी पत्ते ठेवायचे की रोमन करायचे? गुगलला देवनागरी पत्ते चालतात. पण कॉपी केल्यावर एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात. ‘तांब्याचा-बंब’ एवढ्याची १०९. आणि आमची साइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस पत्त्याला या नऊपटीच्या मापानेच २०० ची मर्यादा लावतं, म्हणजे मराठीची जेमतेम २२ अक्षरं, काना-मात्रा धरून. लांब नावांची भांडी एकाच जागी तुटून त्यांच्या शेपटीला २, ३, ४ लागले होते. कोणती घंगाळं कोणती, कळत नव्हतं.

जुनी चालू पानं तशीच ठेवली. तुटलेली नऊ तेवढी छोट्या पत्त्यांवर हलवली, जुन्या पत्त्यांवरून कायमचं ३०१ वळण. सगळ्या पानांची शीर्षकं ‘होम’ आणि दुकानाचं नाव अशीच होती, ती प्रत्येक भांड्याची केली. सर्च कन्सोलवरून दिसतं की लोक ‘बंब’ रोमनमध्येही टाइप करतात, म्हणून मजकुरात एकदा सहज येईल तिथे तेही. कोंबलं नाही.

शनिवार, २६ एप्रिल

मोजणी. होमपेज १.२ एमबी, ३४ रिक्वेस्ट. स्कोअर पाच वेळा मोजला: ८८, ९३, ९१, ८६, ९१. मारुतीवर, त्याच मागच्या खोलीत, पहिला फोटो ३ सेकंदांत.

शोधात काय झालं ते खरंखरं लिहिते. ‘तांब्याची भांडी’ या शब्दांवर आम्ही होतो तिथेच आहोत, कुठेतरी चौथ्या पानावर. वेग हा गुगलने २०१० मध्ये डेस्कटॉपसाठी आणि जुलै २०१८ मध्ये मोबाइलसाठी विचारात घ्यायला सुरुवात केलेला एक मुद्दा आहे, पण मजकूर विषयाला धरून नसेल तर तो तारत नाही. हललं ते दुसरीकडे. कल्हईचं आणि बंबाचं पान एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून निकालात दिसायला लागलं, मागच्या दहा दिवसांत त्यांवर ६३ क्लिक. आधीच्या चार वर्षांत शून्य. काल सिन्नरहून एकांचा फोन आला, जुना बंब गळतोय, दुरुस्त होईल का. मामा अर्धा तास बोलत होते. विक्री काही झाली नाही.

प्रत्यक्ष लोकांचा डेटा सर्च कन्सोलवर अजूनही ‘पुरेसा नाही’.

बुधवार, ३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी गर्दीतच फोन वर करून दाखवला, गिऱ्हाइकाला साइटवरून घंगाळाचे आकार दाखवत होते.

निघताना मामांनी पेन ड्राइव्ह हातात दिला. “कारागिराचा व्हिडिओ काढून घेतलाय, ड्रोनने बाजारपण आलाय त्यात. होमपेजवर सगळ्यांत वर टाक. उघडल्या उघडल्या सुरू झाला पाहिजे.”

घरी येऊन बघितलं. ४१२ एमबी.